मलाही ऐकू येतो

इल्पो धंद्याने हवेचा माणूस. स्वभावाने ओंडका.

थंड उत्तरेतल्या केमी शहरातल्या निम्म्या इमारतींची हवा त्याने बावीस वर्षं मोजली होती. छतातल्या जाळ्या काढायच्या, आतल्या डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळातून, ब्रश फिरवायचा, पंख्याचं बेअरिंग बदलायचं, जाळी परत बसवून हवा किती येते ते बघायचं, आणि घरातल्या बाईने कॉफी विचारली तर दोन कप प्यायची. त्याच्या धंद्यात पंखा बोलतो. नवा पंखा गप्प असतो, तीन-चार वर्षांनी कुजबुजायला लागतो, बेअरिंग झिजलं की बोलतो आणि अगदीच जायला आला की शिव्या देतो. हे शब्द इल्पो घरीही वापरायचा. माणसांबद्दल तो दिवसभरात जेवढं बोले त्याच्या दुप्पट पंख्यांबद्दल बोलत असे. त्याची एकुलती एक मुलगी साइमी ह्याच भाषेत लहानाची मोठी झाली. चार वर्षांची असताना ती पाहुण्यांना सांगायची, "आमचा पंखा आज चिडलाय," आणि पाहुणे कौतुकाने हसायचे.

आता साइमी चौदा वर्षांची होती. सप्टेंबरातल्या एका सकाळी ओटच्या लापशीत चमचा फिरवत ती म्हणाली, "बाबा, माझ्या खोलीतल्या जाळीतून आवाज येतो."

इल्पोने हातातला पाव खाली ठेवला. चौदा वर्षांची मुलगी आपण होऊन बापाशी बोलते, तेही त्याच्या धंद्याबद्दल, ही काही रोजची गोष्ट नव्हती. गेलं वर्षभर त्याच्या वाट्याला तिच्याकडून "हं", "नको" आणि "दार लाव" एवढंच येत होतं.

"कसला आवाज?"

"बोलतो."

"बोलतो? मग बेअरिंग गेलं असणार."

तो लगेच वर गेला. मोजे घातलेल्या पायांनी तिच्या पलंगावर चढला, जाळीला कान लावला आणि डोळे मिटले. बारीक घरघर होती. कुठल्याही घरात असते तशी, पण होती.

"हो गं," तो म्हणाला. "मलाही ऐकू येतो."

"खरंच?"

"मग? बहिरा आहे का मी?"

साइमी पलंगाच्या कडेवर बसली. तिचे खांदे एकदम सैल झाले. "मला वाटलं, फक्त मलाच येतो."

"छे! घरातल्या सगळ्यांनाच येत असणार. तुझ्या आईचं सोड. तिला नळ गळत असला तरी पत्ता नसतो."

साइमी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. ते बघून इल्पो इतका खूश झाला, की कामावर जाताना गाडीत शीळ घालत होता. "मलाही ऐकू येतो" हे वाक्य त्याने सहज टाकलं होतं. ते परत घ्यायला पुढे त्याला दोन महिने आणि दोन परकी माणसं लागली.

त्याच आठवड्यात त्याने पंख्याचं बेअरिंग बदललं. डक्ट झाडला. जाळी काढून धुतली, नवं रबर लावून बसवली. पुढच्या आठवड्यात त्याने साइमीच्या खोलीपुरता डक्टमध्ये आवाज दाबणारा सायलेन्सर टाकला. आवाज मोजायचं यंत्र कामावरून आणून तिच्या उशीवर ठेवलं आणि आकडा बायकोला आणि मुलीला दाखवला. एकवीस डेसिबल. "एवढं शांत तर कब्रस्तानातसुद्धा नसतं," तो म्हणाला.

"कमी नाही झाला," साइमी म्हणाली. "हळू बोलायला लागलाय, एवढंच."

"हळू बोलतोय ना? मग जाण्याच्या वाटेवर आहे."

एके दिवशी कामावरून येऊन बघतो तर साइमीने जाळीवर प्लास्टिकची पिशवी लावून कडेने चिकटपट्टी मारलेली. हवेच्या माणसाच्या घरात जाळी बुजवायची म्हणजे भटजीच्या घरात देवघराला कुलूप ठोकण्यासारखं. इल्पो भडकला.

"हे काय? भिंतीला ओल धरेल! बुरशी येईल!"

"तो ऐकतो," साइमी म्हणाली. "आपण बोललेलं सगळं तिकडे जातं."

"जाणारच! डक्ट एकच आहे. स्वयंपाकघरातलं तुझ्या खोलीत येतं आणि तुझं स्वयंपाकघरात. त्यासाठीच तर मी सायलेन्सर टाकला. त्याला पिशवी कशाला?"

साइमीने मान हलवली आणि पिशवी काढू दिली. बाबाला सगळं माहीत आहे आणि तरी तो घाबरत नाही, ह्याचं तिला बहुधा बरं वाटत असावं. निदान त्या वेळी तसं दिसलं.

बाकीच्या गोष्टीही होत्या. साइमीने नळाचं पाणी सोडलं. ती फक्त खोक्यातलं दूध प्यायची, तेही स्वतः फोडलेलं. केस धुवायचं सोडलं. शेजारची मैत्रीण शाळेत जाताना बेल वाजवायची, ती थांबली. गणितात दहापैकी नऊ मिळवणारी मुलगी पाचावर आली. ह्या सगळ्या गोष्टी तिच्या आईने, मेर्वीने, एकेक करून पाहिल्या. मेर्वी दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची. दिवसभर परक्यांची तोंडं उघडी ठेवून ती घरी येई, त्यामुळे घरात कोणाचं तोंड उघडायचा तिला कंटाळा होता. तरी ऑक्टोबरात एकदा, टीव्हीवरच्या बातम्यांच्या आधी, ती म्हणाली, "ती झोपायच्या वेळी कोणाशी तरी बोलते."

"फोनवर असेल."

"फोन रात्री माझ्याकडे असतो. चार्जिंगला."

दोघांनीही हे नीट ऐकलं. असं वाक्य पडलं की त्या घरात समोरच्याने काहीतरी बोलावं अशी वाट बघायची पद्धत होती. इल्पोने मेर्वीची वाट पाहिली, मेर्वीने इल्पोची, आणि तेवढ्यात बातम्या लागल्या. दुसऱ्याच्या मनात शिरायचं नाही ही इथली सभ्यता. ती दोघांनीही चांगली पाळली, आणि ह्याबद्दल दोघांच्याही कानाखाली वाजवायला हवी होती.

ऑक्टोबर संपताना शाळेत आठवीच्या मुलांची तपासणी होती. आईबापांपैकी कोणीतरी बरोबर जायचं असतं. मेर्वीला सुटी नव्हती, म्हणून इल्पो गेला. शाळेची नर्स राइया गोल चेहऱ्याची, बोलघेवडी बाई होती. तिने साइमीची उंची घेतली, वजन घेतलं, आणि वजन बघून म्हणाली, "बाई गं, तू खातेस की नाही?" मग कागद पुढे ओढून ती एकेक प्रश्न विचारत गेली. झोप किती? न्याहारी करतेस का? सिगारेट? घरी कोणी ओरडतं का? साइमी एका शब्दात उत्तरं देत होती.

"आता हा एक प्रश्न सगळ्यांनाच विचारतो आम्ही, घाबरू नकोस," राइया म्हणाली. "दुसऱ्या कोणाला ऐकू येत नाहीत असे आवाज तुला ऐकू येतात का?"

साइमीने विचार केला. मुलगी खरं बोलणारी होती, उगीच तोंडाला येईल ते सांगायची तिला सवय नव्हती.

"नाही."

"नक्की?"

"मला जो येतो तो बाबालाही येतो."

राइयाचं पेन हवेत थांबलं. तिने इल्पोकडे पाहिलं. इल्पो खो खो हसला.

"आमच्या घरातल्या हवेच्या जाळीचं म्हणतेय ती! दीड महिना झाला, मी त्या आवाजाच्या मागे लागलोय. माझा धंदाच तो."

"अगं बाई! घाबरवलंत की मला," राइया छातीवर हात ठेवून म्हणाली. "आणि धंदाच तो म्हणताय तर माझ्या ह्या डोक्यावरच्या जाळीचं काय ते बघा की. दोन वर्षं शिट्टी मारतेय. शाळेला सांगून सांगून जीभ झिजली."

इल्पो खुर्चीवर चढला. जाळीची मधली थाळी अर्धा फेरा उलटी फिरवली. शिट्टी थांबली.

"जादू!" राइया म्हणाली, आणि त्या आनंदात तिने कागदावर "नाही"च्या चौकोनात फुली मारली.

शाळेच्या जिन्यात साइमी म्हणाली, "तिचा लगेच बंद झाला."

"साधा होता तो."

"मग माझा का होत नाही?"

"होईल. अजून सापडला नाही एवढंच."

"तू सोडणार नाहीस ना?"

"काय?"

"शोधणं."

"मी कधी काम अर्धवट टाकलंय?" इल्पो म्हणाला. आपली मुलगी आपल्याला काय विचारते आहे हे त्याला कळलं नाही. त्याला वाटलं, ती आपल्या कामाची कदर करते आहे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी त्याने ठरवलं, की आता जुना पंखा पुरता काढून नवा बसवायचा. गोदामातून तो नवा पंखा घेऊन आला, मेर्वी बाजारात गेली, आणि दुपारी बाराला इल्पोने पंख्याची वीज बंद केली. बेअरिंग बदलायला लागला तेवढा वेळ सोडला तर हा पंखा घर बांधल्यापासून अखंड चालू होता. तो थांबला तशी घरातली शांतता एकदम अंगावर आली. बाहेर बर्फ पडलेलं, रस्त्यावर गाडी नाही. इल्पो शिडी घेऊन साइमीच्या खोलीत गेला, जाळी काढली, आत बॅटरी मारली आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, "घे. आता ऐक. आता आहे का काही? मुळातच बंद केलाय."

साइमी कोपऱ्यात उभी होती. दोन्ही हात कानांवर.

"हळू बोल ना," ती म्हणाली. "तू बंद केलास म्हणून तो चिडलाय."

"कोण चिडलाय? पंखाच बंद आहे."

"पंख्याला नाही रे त्रास होत. त्याला होतो." मग तिने कानांवरचे हात काढले आणि अगदी साध्या आवाजात, गणितातली अडचण विचारावी तसं विचारलं, "बाबा, तो तुला पण नावाने हाक मारतो, की फक्त मला?"

इल्पो शिडीवर होता. हातात स्क्रू-ड्रायव्हर, तोंडात दोन स्क्रू. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते शेजाऱ्यांचा पंखा. मग पाण्याचा पाइप. मग रेडिएटर. बावीस वर्षांत जिथून जिथून म्हणून आवाज येताना त्याने पाहिला होता त्या सगळ्या जागा त्याच्या डोक्यातून गेल्या, आणि एकाही जागी माणसाचं नाव घेणारा आवाज नव्हता. त्याने स्क्रू तोंडातून काढले.

"काय म्हणतो तो?"

"तेच. तुला माहीत आहे ना."

"तू सांग."

"की पाण्यात घातलंय. की आई ही आई नाही, तिच्यासारखी दिसणारी आहे. की मी जाळीखाली झोपले नाही तर तुला काहीतरी होईल." तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तू ऐकलंयस ना? तू म्हणालास तुलाही येतो म्हणून."

आणि इल्पो म्हणाला, "हं."

त्या घरात "हं"चे अर्थ अनेक होते. ऐकलं, मान्य, बघू, पुरे आता. साइमीने तिला हवा तो अर्थ घेतला. इल्पो शिडीवरून उतरला, खालच्या पायरीवर बसला आणि स्क्रू लहानमोठे बघून एका ओळीत लावायला लागला. नवा पंखा खोक्यातच राहिला.

मेर्वीची गाडी अंगणात आली तसा तो बाहेर गेला. ती पिशव्या काढायला उतरणार तोच तो शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि त्याने दार लावून घेतलं. जे झालं ते त्याने तीन-चार वाक्यांत सांगितलं.

"आई नाही?" मेर्वी म्हणाली. "मी?"

"तो म्हणतो. ती नाही म्हणत."

"तो कोण, इल्पो?"

इल्पोने समोरच्या काचेवरचं धुकं बाहीने पुसलं.

"आणि तू तिला काय म्हणालास?"

"मी म्हणालो होतो, मला ऐकू येतो. सप्टेंबरात."

"येतो का?"

"पंख्याचा येतो."

"पंख्याचा!" मेर्वी ओरडली. "मी तुला म्हणाले होते, ती कोणाशी तरी बोलते!"

"तू म्हणालीस, झोपायच्या वेळी बोलते. मला वाटलं फोनवर."

"फोन माझ्याकडे असतो हेही म्हणाले होते!"

"मग तू पुढे का नाही बोललीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते ना रे!"

एवढं बोलून तिने स्टीअरिंगवर डोकं टेकवलं. मागे पिशवीत आईस्क्रीम होतं. ते वितळायची भीती नव्हती, बाहेर उणे नऊ होतं. दोघं अर्धा तास गाडीत बसली. लग्नाच्या अठरा वर्षांत इतकं सलग ती क्वचितच बोलली असतील.

मानसिक आजारांच्या दवाखान्याला फोन मेर्वीने केला. तिकडची बाई म्हणाली, सोमवारी दोन वाजता आम्ही दोघं तुमच्या घरी येतो, त्याआधी काही वाटलं तर ह्याच नंबरवर कधीही फोन करा. मग इल्पोने फोन हातात घेतला.

"मला आधी तुमच्याशी एकट्याने बोलायचंय. ओसरीत, पाच मिनिटं. मुलीला कळायला नको असं एक आहे."

"मुलीबद्दलच आहे का?" बाईने विचारलं. तिचं नाव सिर्पा.

"हो. म्हणजे माझ्याबद्दल आहे. पण तिलाच लागेल."

"मग टेबलावर सांगा. आम्ही कोणाच्या पाठीमागे कोणाबद्दल बोलत नाही. आमचं आम्हाला काही बोलायचं असलं तरी तुमच्यासमोरच बोलतो. कामाची पद्धतच आहे ती."

"ती उठून जाईल."

"जाऊ दे. दार कोणी अडवणार नाही."

शनिवार ते सोमवार साइमी फक्त इल्पोच्या हातचं खात होती. मेर्वीने ताट ठेवलं की ती ते हळूच सरकवून द्यायची, आणि मेर्वी ते मुकाट्याने उचलायची. इल्पोने दुधाचं खोकं फोडलं, पाव कापला, वर लोणी लावलं की ती खायची. लोक येणार म्हटल्यावर तिने एकच अट घातली. "बाबा माझ्या शेजारी बसणार. त्याला माहीत आहे. त्याने सांगितलं की त्यांना पटेल."

रविवारभर इल्पो पाव कापताना हाच विचार करत होता. खरं सांगितलं तर ह्या घरातलं तिचं शेवटचं माणूस जाईल. मग ती कोणाच्या हातचं खाणार? आणखी चार दिवस "हो" म्हणत राहिलं तर काय बिघडेल, निदान जेवेल तरी. आणि "हो" म्हणत राहिलं तर ती त्या जाळीखाली एकटी आणखी किती आत जाईल, हेही त्याला दिसत होतं. दोन्हीकडून नुकसान होतं आणि दोन्हीचा धनी तोच होता. त्याला रडू येत नव्हतं, पण पाव वाकडे कापले जात होते.

सोमवारी दोनला सिर्पा आली, साठीची, लोकरीच्या मोज्यांतून अंगठा बाहेर आलेली. बरोबर आन्सी नावाचा तरुण नर्स, इतका उंच की स्वयंपाकघराच्या दारात वाकला. बूट काढून दोघं टेबलाशी बसली. मेर्वीने कॉफी आणि वेलदोड्याचे बन ठेवले. आन्सीने एक बन खाल्ला आणि दुसऱ्याकडे बघत राहिला. खिडक्यांच्या काचा आतून ओल्या झाल्या होत्या, कारण शनिवारपासून पंखा बंदच होता.

सगळे कॉफीत चमचे फिरवत राहिले. त्या टेबलाला त्याची सवय होती. शेवटी सिर्पाने विचारलं, "आज काय बोलूया? कोणाला सुरुवात करायचीय?"

"मला काही विचारू नका," साइमी टेबलाकडे बघत म्हणाली. "मी सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात. बाबाला विचारा. त्याला पण ऐकू येतो."

सिर्पाने इल्पोकडे पाहिलं. मेर्वीने पाहिलं. साइमीने त्याच्या स्वेटरची बाही दोन बोटांत धरली होती.

इल्पोने तोंड उघडलं. बोलायला सुरुवात केली तर पहिल्यांदा नुसतीच हवा आली.

"साइमी," तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही."

बाही सुटली नाही. "काय?"

"तो जो नाव घेतो, तो. मला कधीच ऐकू आला नाही. एकदाही नाही."

"तू म्हणाला होतास."

"मी पंख्याचं म्हणत होतो. घरघर होती. तू आवाज म्हणालीस, मी पंख्याचा समजलो. तू बोलतो म्हणालीस, मला वाटलं बेअरिंग."

"शनिवारी मी सगळं सांगितलं. तू हं म्हणालास."

"हो. शनिवारी मला कळलं होतं. मी घाबरलो, म्हणून हं म्हणालो. ते खोटं होतं."

साइमीने बाही सोडली. उठली. खुर्ची मागे पडली, ती तिने उचलली नाही. ती दारापर्यंत गेली आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली, सगळ्यांपासून होईल तेवढी लांब. मेर्वी उठायला लागली, पण सिर्पाने नुसता हात टेबलावर आडवा ठेवला आणि मेर्वी बसली.

सिर्पा आन्सीकडे वळली. आजूबाजूला कोणी नाही अशा थाटात दोघं बोलायला लागली.

"मी विचार करतेय," सिर्पा म्हणाली, "की दोन महिने एकटीने एवढं ऐकायचं म्हणजे किती दमायला होत असेल."

"तिच्या जागी मी असतो तर मला राग आला असता," आन्सी म्हणाला. "सोबत आहे असं वाटलं होतं, आणि नव्हती."

"मलाही. आणि बापाला ते इथे टेबलावर सांगायचं नव्हतं. फोनवर तो ओसरीत सांगतो म्हणत होता."

"ओसरीत सोपं गेलं असतं."

"गेलं असतं."

साइमी ऐकत होती. आपल्याबद्दल कोणी आपल्यासमोर बोलावं, तेही तिरकस न बघता, हे तिला नवं होतं. ती इल्पोला म्हणाली, "मग दोन महिने तू दुरुस्त काय करत होतास?"

बेअरिंग, रबर, सायलेन्सर, एकवीस डेसिबल, सगळं इल्पोच्या डोळ्यांसमोरून गेलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या धंद्याची लाज वाटली.

"माहीत नाही," तो म्हणाला. "जे येत होतं ते करत होतो."

"तू सोडणार नाही म्हणालास."

"नाही सोडत. पण जाळीत शोधून उपयोग नाही, बाळा. तिथे नाही ते."

"मग कुठे आहे?"

"मला नाही माहीत. ह्यांना थोडं माहीत असेल. तुला विचारायला हवं होतं, ते मी विचारलंच नाही. आत्ता येतोय का?"

साइमीने चुलीवरच्या जाळीकडे पाहिलं. कोणी तिच्याकडे रोखून बघत नव्हतं. आन्सी बनकडे बघत होता, मेर्वी आपल्या हातांकडे.

"येतोय."

"काय म्हणतोय?"

"की तू खोटं बोलतोयस."

"आणि तुला काय वाटतं?"

तिने जाळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला कळत नाही," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. लहान असताना रडायची तसं, नाक पुसायचंही भान नसलेलं. मेर्वीने टेबलावरची हात पुसायच्या कागदाची गुंडाळी तिच्या दिशेला सरकवली, जवळ गेली नाही. साइमीने येऊन कागद फाडून घेतला. आईच्या हाताला तिने हात लागू दिला नाही, पण कागद घेतला.

मग पडलेली खुर्ची उचलून ती बसली. इल्पोच्या शेजारी नाही, टेबलाच्या टोकाला. नाक पुसत तिने खिडकीकडे पाहिलं. काचेवरून पाण्याचे ओघळ खाली लाकडावर उतरत होते.

"ओल धरेल," ती म्हणाली. "पंखा चालू कर."

"जुनाच आहे. नवा बसवलेला नाही."

"जुनाच कर."

इल्पो उठला आणि कपाटातलं बटण दाबलं. पंखा दोनदा खोकला, मग लागला. छतातून ती जुनी घरघर आली, बेअरिंग बदलूनही न गेलेली. इल्पो परत येऊन दारात उभा राहिला. साइमीने मान वर केली, डोळे मिटले. सप्टेंबरात तो स्वतः तिच्या पलंगावर चढून ऐकत होता तशीच.

"हा?" तिने विचारलं.

"हा येतो. मलाही येतो."

"हा आईला पण येतो?"

"येतो," मेर्वी म्हणाली.

साइमीने आणखी थोडा वेळ ऐकलं. मग बोटाने जाळीच्या जरा बाजूला, जिथे नुसतं पांढरं छत होतं तिथे दाखवलं.

"आणि आत्ताचा हा?"

इल्पोने कान दिला. मनापासून दिला. बावीस वर्षांत कुठल्याही पंख्याला दिला नसेल इतका.

"नाही," तो म्हणाला. "तो फक्त तुला."

साइमीने मान हलवली आणि बोट खाली घेतलं. थोड्या वेळाने तिने पुन्हा छताकडे बोट केलं, दुसऱ्या जागी, आणि त्याच्याकडे पाहिलं.